राखाडी गोल

४ फेब्रुवारी, मंगळवार

जाहिरात कंपनीच्या फेसबुक पेजवर टाकली. सोलर पंप दुरुस्तीसाठी दोन तंत्रज्ञ हवेत, अर्ज मेसेजमधून. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मानवत, पूर्णा, ताडकळस, सगळीकडून मेसेज. हिशेब बघणारी राजेश्री शेजारी बसून पोरांचे फोटो बघत होती. गॉगल, ट्रॅक्टर, कुणाचा बैल. म्हणाली, "ह्यांचे बघायलीस, तुझा फोटो कुठंय? नुसता राखाडी गोल!" मी म्हटलं, आवड नाही. खरं तर पप्पांचं सांगणं — कामानं ओळखू दे, बाकीचं घरात. मला ते सोयीचंच वाटत आलंय.

८ फेब्रुवारी, शनिवार

प्रात्यक्षिक परीक्षा घेतली. कंट्रोलरमधली एक तार मी मुद्दाम सैल केली होती. बहुतेकांनी थेट मोटर खोलली. ताडकळसच्या सुगतने आधी पॅनलकडून येणारी वीज बंद केली, मग मीटर लावला, मग तार धरली. तो पहिला. त्याचा मित्र महारुद्र दुसरा. दोघं एकाच मोटारसायकलवर आले. अर्जही दोघांचे सुगतच्याच खात्यावरून — महारुद्रच्या फोनचा डिस्प्ले फुटलाय. "दोघांला घ्या मॅडम, पेट्रोल एकाचंच लागंल," महारुद्र म्हणाला. हसू आवरलं नाही मला.

१० फेब्रुवारी, सोमवार

निकाल घेऊन भुजंगराव सरांकडे गेले. कंपनी त्यांची, शेवटचा शब्दही त्यांचा. त्यांनी गुणांचा कागद बाजूला सारला आणि पेजवरचे मेसेज उघडायला लावले. एकेकाचा फोटो मोठा करून बघत गेले. चालंल. चालंल. नको. चालंल. मला कळेना कशावरून.

सुगतच्या खात्यावर थांबले. फोटोत जयंतीची मिरवणूक, निळा फेटा, हातात निळा झेंडा.

"ह्या खात्यावरचे नको."

मी म्हटलं, सर, ह्यावरून दोघांचे अर्ज आहेत, पहिले दोन. नावं तरी वाचा.

"नावं काय वाचायची? फोटो सांगायलाय की सगळं. आपल्या माणसाला गिऱ्हाइकाच्या वाड्यात जावं लागतं, माधवी. प्यायला पाणी मागावं लागतं. तुला न्हाई कळायचं ते."

मला नाही कळायचं!

गुणांचा कागद उचलला आणि बाहेर आले.

जागेवर येऊन सगळे 'नको' पुन्हा उघडले. निळा झेंडा. विहार. एका ठिकाणी फोटोही नाही, फक्त 'जय भीम'. एकही अपवाद नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जेवताना सरांनी माझ्या डब्यातलं लोणचं मागून घेतलं. आईनं घातलेलं. दोन वर्षं घेतायत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सरांच्या साडूंचा फोन. आमचा महारुद्र का घेतला नाही? साडूंच्या बहिणीचा मुलगा तो! सरांनी त्याला कधी पाहिलेलंही नाही. फोन ठेवून माझ्यावरच आले — कुणी काढला त्याला? मी सांगितलं, तुम्ही. त्याचा अर्ज त्याच खात्यावरून होता.

"अगं, तो आपला हाय! सोमवारी बोलव त्याला."

आणि सुगत?

त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

खातं एक, फोटो एक, परीक्षा एक. एक आत, एक बाहेर. मीटर असा वागला असता तर मी तो भंगारात टाकला असता.

मग मी विचारलं — कशाला विचारलं! — मला घेताना काय बघितलं होतं, सर?

"शोधलं होतं की तुला बी फेसबुकवर. काहीच निघालं न्हाई. म्हटलं, चांगल्या घरची पोरगी हाय."

आडनाव गावावरून आलेलं, त्यावरून कळत नाही. फोटो कुठेच नाही. मला वाटत होतं, डिप्लोमा बघून घेतलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पेजवर सुगतचा मेसेज. साडूंकडून महारुद्रला, महारुद्रकडून त्याला सगळं कळलेलं दिसतंय.

"मॅडम, फोटो काढून टाकला. आता चालंल का?"

फेट्याच्या जागी राखाडी गोल. हुबेहूब माझा.

फोन पालथा घातला.

१६ फेब्रुवारी, रविवार

पूर्णेला, घरी. विहारासमोर आई, पप्पा आणि मी, वर निळ्या पताका — फोटो काढला. पप्पांना विचारलं नाही, सांगितलं. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि उभे राहिले.

सुगतला लिहिलं — फोटो परत लाव. तू पहिला आलायस. उद्या महारुद्रबरोबर ये, सरांशी मी बोलते.

मग आमचा फोटो स्टेटसला ठेवला. बघणाऱ्यांत पहिलं नाव भुजंगराव सरांचं.