काचेच्या कपाटात मी एकटीच होते

सौ. वन्संना, तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकायला हल्ली वेळ लागतो, कारण पुढे येईलच.) तुमचे गुडघे कसे आहेत? यजमानांचा खोकला गेला, की अजून शेजाऱ्यांना जागवतोय? इकडे तुमचे भाऊ मजेत. मी बोलत असते, ते पेपर वाचत असतात. तुमच्या लेकीच्या लग्नापासून आपलं बोलणं नाही, तरी मोठ्या माणसांची खुशाली विचारावी म्हणून लिहायला बसले. दुसरं काही कारण नाही. शाळेचं नि माझं फारसं जमलं नाही हे तुम्ही सगळ्यांना सांगितलेलंच आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

मी झाडलोट करते ती इमारत गुप्त आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. आत काय चालतं ते बाहेर सांगायचं नाही अशी माझी सही घेतलीय, आणि आत काय चालतं ते मला कुणी सांगितलेलंच नाही, त्यामुळे शपथ पाळणं सोपं जातं. मी बादली घेऊन खोलीत शिरले की छताचा लाल दिवा गरगर फिरायला लागतो. दिवा फिरला की सगळ्यांनी कागद पालथे घालायचे, कॉम्प्युटर विझवायचे आणि मी जाईपर्यंत गप्प बसायचं. घरात मी आले तर कुणी मान वर करत नाही, आणि इथे मोठमोठी शिकलेली माणसं पाय वर घेऊन श्वास रोखून बसतात. (पहिले काही दिवस मला फार भारी वाटलं. मग कळलं, घाबरतात ते मला नाही, माझ्या डोळ्यांना. आता माझा चष्मा घरी फडताळात असतो हे त्यांना कोण सांगणार.) मागून एक पहारेकरी हिंडतो. मी फरशी पुसतेय ना, एवढं बघण्याचा त्याला पगार आहे, आणि तो माझ्यापेक्षा जास्त आहे. शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोघांना एकमेकांचं काम माहीत नसतं. एकाला मी सहज विचारलं, डब्यात काय आणलंय, तर त्याने आधी मागे वळून पाहिलं.

तर आता दारात काचेचं कपाट बसवलंय. उभ्याने आत शिरायचं, मागचं दार लागतं, पायाखालची फळी वजन घेते, आणि ते नोंदवलेल्या वजनाशी जुळलं तरच पुढचं दार उघडतं. म्हणजे आपल्या पाठीला चिकटून दुसरं कुणी घुसायला नको. नोंद करायची तर वजनकाटा हवा. काटा विजेवरचा, आणि विजेवरची वस्तू फाटकाच्या आत आणायला परवानगी लागते, ती काही आली नाही. म्हणून कारकुनाने फाटकावर रांग लावून तोंडीच विचारलं. मोठ्याने. माझ्या मागे सगळे पुरुष. वन्सं, तुम्ही काय केलं असतं? मी जरा हात आखडता घेतला. थोडंफार मागेपुढे कपाट चालवून घेतं म्हणे. माझं थोडंफार नव्हतं.

सोमवारी आत शिरले, मागचं दार लागलं, पुढचं उघडेना. भोंगा सुरू. बंदूकवाले दोघे धावत आले आणि एकाने कर्ण्यातून विचारलं, "आत तुमच्याबरोबर दुसरं कोण आहे?" काच आरपार दिसते हो. तरी त्याने वाकून माझ्या मागे पाहिलं, कारण यंत्र खोटं बोलत नाही. मी चपला काढल्या, किल्ल्या काढल्या, शेवटी अंबाड्यातल्या पिनासुद्धा काढल्या. भोंगा ढिम्म ऐकेना. मग नाइलाजाने खरं सांगितलं, तर ते सुरक्षा साहेबांना पटेना. पकडलेला माणूस असंच काहीतरी सांगतो, म्हणाले. वजन खोटं सांगितलं असेल तर नुसती ताकीद. पण कुणाला आत नेत होते असं ठरलं तर नोकरी गेली, वर चौकशी. म्हणून मी आधीपासूनच एवढी आहे असं शपथेवर सांगणारा साक्षीदार आणायचा. घरातला नको. माझ्याबद्दल बरं बोलायची ज्याला काडीची इच्छा नाही, असा मिळाला तर उत्तम. तोवर फाटकाबाहेरच्या बाकावर बसून राहायचं. घरात वेळेवर येणारा पगार माझाच, हे तुमच्या भावाच्या बहिणीला मी काय सांगू.

बाकी ठीक. लोभ आपल्यात कधी नव्हता, तो आता सुरू करायला माझी हरकत नाही.

तुमची वहिनी

ता. क. साहेबांचं बोलणं पुरं व्हायच्या आतच मी तुमचं नाव दिलं. भर लग्नात, सगळ्या पाहुण्यांपुढे तुम्ही म्हणाला होतात ना, "वहिनीला बाकाच्या टोकाला बसवू नका, पलीकडचे उडतील," तेवढंच एकदा साहेबांपुढे म्हणा. जसंच्या तसं, तसंच हसून. त्या दिवशी मी रागाने जेवले नव्हते (घरी येऊन जेवले). आता त्याच बोलण्यावर माझी नोकरी आहे.

आणखी ता. क. साक्षीदारालाही त्या कपाटातूनच यावं लागतं. कारकुनाने तुमचं वजन विचारलं. मागे रांग होती, आणि तुमची अब्रू ती माझी अब्रू, म्हणून मी आठ-दहा किलो कमीच सांगितलंय. साक्ष येत्या सोमवारी आहे. पत्र मिळताच जेवण सोडा.