गोरव्याच्या गच्चीवरचे कागद

सर, मागच्या आठवड्यात मी गोरव्याला जाऊन आले. ज्या घराच्या गच्चीवर आपलं हवा मोजायचं मशीन एक अख्खा हिवाळा घरघरत होतं, त्याच घरी. तुम्हाला ते घर आठवणार नाही, कारण तुम्ही तिथे एकदाही आला नाहीत. बडोद्याच्या हवेवर तुम्ही जन्मभर व्याख्यानं दिलीत, पण ती जिथे नाकातोंडात जाते तिथे जायला तुम्हाला विद्यार्थिनी लागायची.

तुमचा काटेकोरपणा मात्र मी सोसलेला आहे. पहिल्याच वर्षी मी फिल्टर पेपर हातानं उचलला आणि तुम्ही प्रयोगशाळेच्या दारातूनच ओरडलात, "मिस कॉन्व्हेंट, नन्सनी हात जोडायला शिकवलं, आवरायला नाही शिकवलं?" सगळे फिदीफिदी हसले. मग तुम्ही मला काट्यापाशी उभं करून त्या कागदाचं वजन दाखवलंत. शेवटचा आकडा हललेला. बोटाचं तेलसुद्धा वजनात येतं, म्हणालात, आणि कागद माझ्याच हातानं फेकायला लावलात. दुसऱ्या दिवशी तुमचा स्वतःचा चिमटा माझ्या टेबलावर होता. त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. त्या चिमट्यापायी मी तुमचं पुढे नको तितकं ऐकलं.

गोरव्याची ती गुजराती बाई मला 'मशीनवाळां बेन' म्हणायची. नवरा जवळच्याच कारखान्यात फिटर. मशीनची वायर तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर गेलेली. मिक्सर लावला की फ्यूज उडायचा आणि आपला दिवसभराचा कागद वाया जायचा, म्हणून तो हिवाळाभर तिनं चटणी खलबत्त्यात कुटली. मी सकाळी गच्चीवर जाते, कालचा कागद चिमट्यानं काढते, नवा लावते. पांढराशुभ्र लावलेला कागद तव्याच्या बुडासारखा होऊन निघालेला असतो. खाली ती चहाचा कप घेऊन उभी असते. "शुं आव्युं, बेन?" काय आलं? आत तिच्या सुनेच्या मांडीवर नात खोकत असते. बाईच्या भावाच्या शेजारी, शहराच्या दुसऱ्या टोकाला मांजलपूरला एक घर मिळत होतं, आणि जायचं की राहायचं यावर त्या घरात रोज खडाजंगी. "तुझ्या कागदात काय येतं ते सांग, मग ठरवते," ती म्हणायची. मी म्हणायचे, सरांना दाखवून सांगते.

तुम्हाला दाखवलं. तुम्ही आकड्यांवरून पेन्सिल फिरवलीत आणि म्हणालात, "त्या घरात कोळशाची शेगडी असणार. घरचाच धूर आहे हा."

"शेगडी नाही सर, गॅस आहे. मी रोज चहा पिते तिथे."

"तू चहाला जातेस की सॅम्पल आणायला?"

मशीन कारखानदारांच्या संघटनेनं दिलं होतं आणि त्यांचे अध्यक्ष आदल्याच दिवशी तुमच्या खोलीत तासभर बसून गेले होते. न सांगितलेलं खरं हेही खोटंच असतं, असं सिस्टर शिकवायच्या, हे मी तुम्हाला बोलूनही दाखवलं. "ती तुमच्या चर्चची केमिस्ट्री," तुम्ही हसलात. आठवड्यात मशीन बडोद्यातच अकोट्याला गेलं, कडुलिंबांमधल्या एका बंगल्याच्या गच्चीवर. गोरव्याचा हिवाळा माझ्या प्रबंधात एका ओळीत संपला: घरगुती धुरामुळे या ठिकाणची वाचने वगळली आहेत. वाक्य तुमचं, अक्षर माझं. बोटाच्या तेलाला भिणारा माणूस एवढी काजळी सहज पुसून टाकतो, हे मी त्या दिवशी शिकले. त्या प्रबंधावर तुमचं नाव झालं, मला नोकरी लागली. पुढे समित्यांवर बसून मी भल्याभल्यांना फैलावर घ्यायचे, "मशीन कुठं ठेवलं होतंत?" लोक मला तिखट म्हणायचे. तुम्ही मला कौतुकाचं कार्ड पाठवलं होतंत.

निवृत्तीनंतर कपाट आवरताना ते काळे कागद पाकिटांसकट सापडले. आता तरी त्या बाईला सांगायचं, म्हणून पिशवीत घालून गेले. दार सुनेनं उघडलं. तिचेही केस पिकलेत. "अरे, मशीनवाळां बेन!" तिनं हाताला धरून आत नेलं. बाई जाऊन बरीच वर्षं झाली. नात सुरतेला असते, दम्याचा पंप अजून घेते. मांजलपूरचं घर? "आम्ही हटून बसलो होतो, जायचंच म्हणून. पण बा कुणाचं ऐकेनात. एवढी शिकलेली बेन रोज येऊन मोजून गेली, तिनं सांगितलंय हवा चांगली आहे, म्हणायच्या."

सर, हे सगळं तुमच्या माथी मारायला मी बसले होते, आणि बरंचसं तुमचंच आहे. पण मशीन उतरवायला गेले त्या दिवशी बाईनं जिन्यात अडवून विचारलं, "तो जईए के रहीए?" जावं की राहावं? खरं सांगितलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात भांडायला आली असती आणि माझा प्रबंध गेला असता. मी म्हटलं, "हवा चांगली आहे. राहा." हे तुम्ही मला सांगायला लावलं नव्हतं. तुम्हाला ते कधी कळलंही नाही, आणि हे पत्र कुठे जाणार नाही म्हणूनच आज लिहिता येतंय.

सुनेनं चहा दिला, पिशवीकडे बघून विचारलं, "काही काम होतं का बेन?"

"नाही गं," मी म्हटलं, "सहजच आले होते."