टाकाऊ पानं

१९ सप्टेंबर २०११, सोमवार

नोकरी लागली! छप्पन्नाव्या वर्षी! शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा वाटलं होतं, आता भाजी निवडायची आणि मालिका बघायच्या. आज गळ्यात ओळखपत्र अडकवून कोथरूडच्या काचेच्या इमारतीत लिफ्टने वर गेले.

काम काय ते ह्यांना समजावताना नाकी नऊ आले. लोक इंटरनेटवर काहीतरी शोधतात, समोर पानांची रांग येते. त्यातली काही चांगली, काही निव्वळ कचरा — दुसऱ्याचं चोरलेलं, जाहिरातींनी भरलेलं, मनाला येईल ते ठोकलेलं. अमेरिकेतल्या एका कंपनीला मराठी पानांतला हा कचरा मराठी माणसांकडून ओळखून हवा आहे. आम्ही पान बघायचं आणि खूण करायची — उपयोगी, बरं, टाकाऊ. टाकाऊच्या खुणा पडल्या की पान तळाला जातं. मग ते असून नसल्यासारखं.

सगळं ऐकून घेऊन हे म्हणाले, "म्हणजे जगाचा केर काढायचा. उत्तम. घरच्या केराला बाई आहेच."

२० सप्टेंबर

शेजारच्या टेबलावर तरन्नुम. कसबा पेठेतली, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. अखंड बडबड. मला पहिल्याच दिवशी "मावशी" करून टाकलं. डब्यातलं भरलं वांगं निम्मं तिनेच संपवलं.

आमची प्रमुख उत्कर्षा — यवतमाळची, माझ्या शेवटच्या दहावीच्या मुलींपेक्षा फार तर चार इयत्ता पुढची असेल. म्हणाली, "मॅडम, तुम्ही प्रत्येक पान पूर्ण वाचता?"

"मग काय वास घेऊन ठरवू?"

हसली बिचारी. पण इथे सगळे वासच घेतात, असं दिसतंय.

२३ सप्टेंबर

साबुदाणावड्याची एकच कृती किती ठिकाणी असावी! सगळीकडे "साबुदाना", सगळीकडे मीठ दोनदा. एकाने चोरलं, बाकीच्यांनी चोराकडून चोरलं. टाकाऊ, टाकाऊ, टाकाऊ! तीस वर्षं वह्या तपासल्या त्या फुकट गेल्या नाहीत म्हणायच्या.

२७ सप्टेंबर

आज विषय कावीळ. दोन पानं लक्षात राहिली.

पहिलं — पांढरंशुभ्र, नीटनेटकं. वर एका वैद्यांचा फोटो. भाषा अशी की डोळे निवले. नाकात वनस्पतीच्या रसाचे थेंब सोडायची पद्धत, पथ्य, दिनचर्या, सगळं क्रमवार. "रुग्णास गाढ निद्रा येऊ लागणे हे औषध लागू पडल्याचे सुलक्षण होय." आजकाल "सुलक्षण" लिहितो कोण! एक वेलांटी चुकलेली नाही. तरन्नुमच्याही यादीत तेच पान होतं. वळून म्हणाली, "मावशी, हे उपयोगीच ना?" म्हटलं, निःसंशय.

दुसरं — देवा रे! काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, कोपऱ्यात गरगर फिरणारं फूल. लिहिणारा कोणी बद्रीनाथ, भोसरीच्या कारखान्यातला. "नाकात थेंब घालु नका. पोरगी सारखी झोपु लागली. आम्ही म्हणलो आराम पडला. तो आराम नव्हता." पूर्णविराम सोडले तर धड काही नाही. दोन्ही उकार ऱ्हस्व! खाली मुलीचा धूसर फोटो, नाव प्रियदर्शनी, आणि स्वतःचा फोन नंबर. मुलगी गेली त्याची. वाईट वाटलं. पण दुःख म्हणजे माहिती नव्हे. टाकाऊ.

उत्कर्षा मागे उभी होती. "मॅडम, हे टाकाऊ का?"

"डॉक्टर नाही, आधार नाही. आणि भाषा बघ ना."

"माझे बाबा पण असंच लिहितात."

"मग शिकव त्यांना," मी म्हणाले.

तिने पुन्हा एकदा त्या पानाकडे पाहिलं. मग, "खूण तुमची आहे, मॅडम," म्हणून निघून गेली. जरा लागलं असावं तिला. पण नियम तो नियम.

"दुःख म्हणजे माहिती नव्हे" हे ह्यांना ऐकवलं. म्हणाले, "छान. फळ्यावर लिही."

३ ऑक्टोबर

तरन्नुम आली नाही. आजूबाजूला कोणी बडबडत नाही तर काम भराभर झालं. करमलं मात्र नाही.

४ ऑक्टोबर, मंगळवार

फार उशीर झालाय. तरी लिहिते.

तरन्नुम सकाळी आली, डोळे सुजलेले. तिच्या वडिलांना — करीमभाईंना — कावीळ झाली आहे. आठवडा होत आला. दवाखान्याचं नाव काढलं की चिडतात. मग तिने घरीच उपचार सुरू केले. मी विचारलं, कसले?

"अहो मावशी, ते थेंबांचं पान! तुम्ही निःसंशय म्हणालात ना, म्हणून प्रिंटच काढून नेली. अम्मी घालते नाकात. दोन दिवस नाकातून नुसतं पिवळं पाणी. पण आता बरंय. कालपासून शांत झोपतात. उठवलं तरी उठत नाहीत. सकाळी मला ओळखलंच नाही त्यांनी, अम्मीचं नाव घेतलं — झोपेतच होते."

झोपु. ऱ्हस्व उकार.

तो चुकलेला शब्द जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला. पिवळा, काळ्यावर. आम्ही म्हणलो आराम पडला. तो आराम नव्हता.

"ऊठ," मी म्हटलं. "पर्स घे."

"काय झालं?"

"रिक्षात सांगते."

उत्कर्षाला जाता जाता एवढंच म्हणाले, आम्ही निघालो. तिने माझं तोंड बघितलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.

कसबा पेठेत रिक्षा बोळाच्या तोंडाशीच अडकली. पुढे पळत गेलो. मी पळाले! करीमभाई कॉटवर होते, डोळे अर्धे उघडे, हळदीसारखे. तरन्नुमची अम्मी, नसीमबानू, उशाशी, हातात ड्रॉपर. मला पाहून पदर सावरला. "आइए, बसा ना. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

"नसीमबानू, ही झोप नाही. आत्ता न्यायचं त्यांना."

"पण कागदात लिहिलंय —"

"कागद खोटा आहे. मीच तो चांगला म्हटला होता. माझं चुकलं."

त्यांनी मग ड्रॉपर ताटलीत ठेवला आणि चपला शोधायला लागल्या. दोघा शेजाऱ्यांनी करीमभाईंना खुर्चीत बसवून खुर्चीच उचलली. ते मला कोणी गिऱ्हाईक समजून "मोटे साहेब" म्हणाले आणि घड्याळ शुक्रवारी मिळेल म्हणून सांगितलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. तपासलं, रक्त घेतलं, सरळ अतिदक्षता विभागात. लिव्हर पार थकलंय, त्याचं विष मेंदूपर्यंत जातंय, म्हणाल्या. "झोपतात म्हणून बरं वाटलं? कोणी सांगितलं तुम्हाला असं?"

तरन्नुमने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

५ ऑक्टोबर

तसेच आहेत. बाहेरच्या बाकावर नसीमबानूंशेजारी बसले. तरन्नुम माझ्याशी बोलत नाही. डबा नेला होता, तो तसाच परत आणला.

६ ऑक्टोबर, दसरा

हे हॉस्पिटलात बरोबर आले. एकही टोमणा नाही. म्हणजे माझा चेहरा किती वाईट दिसत असेल!

दुपारी करीमभाईंनी मुलीला नावाने हाक मारली. "तरन्नुम, दुकान कोणी उघडलं?" ती बाहेर येऊन इतकी रडली, इतकी रडली. मग माझ्याच खांद्यावर डोकं ठेवलं. "मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

काय सांगणार? ज्या पानाला मी केराची टोपली दाखवली त्याने सांगितलं.

१० ऑक्टोबर

करीमभाई साध्या वॉर्डात. डॉक्टरबाई म्हणतात, वेळ लागेल पण सुटतील.

उत्कर्षाला सगळं सांगितलं. दोन्ही खुणा बदलायच्या आहेत म्हटलं.

"मॅडम, गेलेली खूण परत येत नाही."

"मग काय करायचं?"

तिने माझ्या शेजारी बसून अमेरिकेतल्या कंपनीला पत्र लिहिलं. इंग्रजी तिचं, मजकूर माझा. दुपारी उत्तर आलं — आपल्या सूचनेबद्दल आभार. बस! शोधून बघितलं. थेंबांचं पान अजून वर. बद्रीनाथांचं पान सापडेचना. पुढची पानं, त्यापुढची पानं... काळं-पिवळं काही दिसलं नाही. मी एकटीनेच केलं असं नाही, उत्कर्षा म्हणते, तुमच्यासारखेच दुसरेही तपासतात. तुमच्यासारखेच! म्हणजे दुसरीकडेही अशाच मास्तरणी बसल्या आहेत.

शेवटी तिच्याकडून जुनी नोंद काढून घेतली. फोन नंबर मिळाला.

जाताना म्हटलं, "उत्कर्षा, तुझ्या बाबांबद्दल त्या दिवशी बोलले ते —"

"जाऊ द्या, मॅडम." मग संगणक बंद करता करता, "त्यांचं अक्षर मात्र लई सुंदर आहे."

११ ऑक्टोबर

फोन केला. मशीनचा आवाज मागे. बद्रीनाथ म्हणाले, "कोण? पान वाचून करताय? खरंच?" पुन्हा पुन्हा विचारलं. पहिला फोन म्हणे माझाच!

करीमभाईंचं सांगितलं. पलीकडचा मशीनचा आवाज थांबला. वाटलं, कट झाला. मग म्हणाले, "मानूस वाचला?"

"वाचले."

"बरं झालं. लई बरं झालं."

त्यांचं पान मी टाकाऊ ठरवलं होतं तेही सांगितलं. "असू द्या की, आमचं लिवनं तसंच हाय," म्हणाले. रागावले असते तर सोपं गेलं असतं. म्हटलं, मी मराठीची शिक्षिका आहे, तुमचं पान नीट लिहून देते, म्हणजे ते वर येईल. रविवारी घरी बोलावलंय.

१६ ऑक्टोबर, रविवार

आले. इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट. बीडकडचे, पोटासाठी इकडे आले. माझ्याहून बरेच लहान, दिसतात मोठे. खुर्चीच्या कडेवरच टेकले. हे स्वतः आत जाऊन चहा करून आले — इतक्या वर्षांत पाहुण्यांसाठी प्रथमच!

मी रात्रंदिवस तेच डोक्यात घेऊन लिहिलं होतं. डॉक्टरबाईंकडून लक्षणं तपासून घेतली. अतिझोप, बरळणं, माणूस न ओळखणं — तात्काळ रुग्णालय. एकही चूक नाही. वाचून दाखवलं.

ते मान हलवत ऐकत होते. मुलीच्या उल्लेखाशी थांबवलं. "मॅडम, 'कन्या' लिवलंय. ती पोरगी होती."

पोरगी केलं.

मग आपणहून बोलले. चौथीत होती. पावसात भिजायला आवडायचं नाही, चप्पल ओली होते म्हणून चिडायची. गणितात हुशार. दुकानदाराचा हिशेब चुकला की तिथल्या तिथे सांगायची. एवढंच बोलले. कागद घडी करून खिशात ठेवला. "लई चांगलं लिवलंय तुम्ही. पुस्तकासारखं."

दाराशी ह्यांना नमस्कार केला. ते गेल्यावर हे बराच वेळ खिडकीशी उभे होते. म्हणाले, "पुस्तकासारखं म्हणाला खरा. पण आनंदाने नाही म्हणाला."

मला तसं वाटलं नाही. लाजले असतील.

१८ ऑक्टोबर

बद्रीनाथांचा फोन. डॉक्टरांनी सांगितलेली लक्षणं खाली जोडतो, पण वरचं माझंच राहू द्या, म्हणाले. मी म्हटलं, अहो, असं राहिलं तर पुन्हा तळाला जाईल! का बरं?

"मॅडम, राग मानू नका. ते थेंबाचं पान मी बी वाचलं होतं, सायबर कॅफेत. तुमच्यावानीच लिवलंय बघा, येक चूक नाय. म्हणून तर इस्वास ठेवला. थेंब पोरीच्या नाकात मीच घातलेत."