माती कालवण्याच्या यंत्राचे सील काढून मिळण्याबाबत

दि. १२ मार्च २०१८

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी साहेब,
मातीविटा घरबांधणी योजना, भंडारा

अर्जदार : जागेश्वर भुरे, मु. कोंढा, ता. पवनी

विषय : ट्रॅक्टरला जोडलेले माती कालवण्याचे यंत्र सीलमुक्त करून मिळण्याबाबत.
संदर्भ : संमतीपत्र नाकारल्याचे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, सदर यंत्र मी स्वतः तयार केले आहे. जुन्या रोटाव्हेटरची पाती अर्ध्या कापलेल्या लोखंडी ढोलात बसवून ती ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, फिरवली. पायाने तुडवायला अख्खा दिवस जातो तेवढी विटांची माती ही मशीन चहा होईपर्यंत कालवते. अशी मशीन तालुक्यात दुसरी नाही, असे आपणच अड्याळच्या बाजारात चार लोकांसमोर म्हणाला होतात.

मातीत पाणी बरोबर पडले की नाही, हे मुठीत गोळा दाबल्याशिवाय कळत नाही. ती पारख माझी पत्नी सौ. वच्छला हिच्या हाताला आहे. दरवेळी मशीन थांबवली तर काम खोळंबते, म्हणून झाकणाला मी वीतभर खिडकी ठेवली. मी रेस कमी केली की तिने हात घालून माती काढायची, असे आमचे ठरलेले होते. खिडकीची कल्पना माझीच आहे. खिडकीत काडीचा दोष नाही.

पाहणीच्या दिवशी आपण व नागपूरचे पाहुणे समोर उभे होतात. मशीनचा जोर दिसावा म्हणून मी रेस कमी केली नाही. तिने मात्र सवयीप्रमाणे हात घातला. आवाज उतरला नाही हे तिला ऐकू यायला पाहिजे होते, कान तिचे चांगले आहेत. उजवा हात मनगटापासून गेला. दवाखान्यात उलट मलाच विचारते, "तुमी रेस काहून नाही कमी केली जी?" पाहुण्यांसमोर शोभा झाली, त्याबद्दल मी तिला चांगले सुनावले आहे. वर आपण माझ्या मशीनला सील ठोकले. हात तिचा गेला अन् शिक्षा मला, हा कुठला न्याय साहेब?

आपण मागितले म्हणून सील काढण्यास तिचे संमतीपत्र दिले. तिला सही येत नाही, सबब अंगठा घेतला. तर आपले बाबू लिहितात की स्त्रीचा उजवा अंगठा लागतो, डावा चालत नाही. तो कुठून आणू? सील लागण्याआधी ढोल मी स्वतः धुतला. कागदावर लावण्याजोगा अंगठा त्यात शिल्लक नव्हता.

माझे हाल कोणी विचारत नाही. ट्रॅक्टर उभा आहे, विटांचा साचा गंजून राहिला आहे आणि बाईचा भात मला कालवून द्यावा लागतो.

तरी डावा अंगठा ग्राह्य धरून सील काढावे, ही विनंती. पारख करायला माणूस नाही, अशी नवी हरकत कृपया घेऊ नये. रोज सकाळी अंगणात घमेलेभर माती भिजवून मी तिच्याकडून डाव्या मुठीने गोळे करून घेतो. आधी रडत होती. आता बरे जमते.

आपल्या हुकुमाकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
जागेश्वर भुरे

सोबत : सौ. वच्छला हिच्या डाव्या मुठीचा मातीचा गोळा, बोटे स्पष्ट उमटलेला, तपासणीकरिता.