ठकीला न होणारा आजार

पूर्णा, १६ मार्च १९९३

चि. कावेरीस अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. हैदराबादेत पेशींच्या मागं लागून बहीण विसरलीस की काय, असं वाटायलं होतं. इकडं ह्यांची सिग्नल केबिनची ड्यूटी आहेच. सासूबाईंचे गुडघे धरलेत, तोंड मात्र अजून धरलेलं नाही.

ठकीचं काही खरं नाही गं. सहा महिन्यांची होईस्तोवर कशी गुटगुटीत होती! तेव्हापासून कान वाहायलाय, छाती भरायलीय, अंगावर गळवं. औषध चालू तोवर बरी, बंद केलं की पुन्हा तेच. माझ्या थोरल्या बन्सीचंही असंच सुरू झालं होतं. त्याला जाऊन तीन वर्षं झाली, तरी ठकी खोकली की रात्रभर तिला मांडीवर घेऊन बसते. नांदेडच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनाही उलगडा होईना. तू एवढं शिकलीस, तुला काही सुचतं का?

लोभ आहेच, उत्तराला उशीर करून तो कमी करू नको.
तुझी अक्का

•

हैदराबाद, २३ मार्च १९९३

ती. सौ. अक्कास कावेरीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी लायब्ररीत शोधपत्रिकेचा नवा अंक हाती आला आणि मी उभीच राहिले. आमचा अभ्यास टायरोसिन कायनेजचा, हे तुला सांगितलंय. भाऊजींच्या केबिनमध्ये निरोप येतो, मग माणूस दांडा ओढतो, मग सिग्नल पडतो. पेशीत तो दांडा ओढणारी प्रथिनं म्हणजे कायनेज. ती ओढतच राहिली तर पेशी वाढत सुटतात, कॅन्सर होतो. आणि ओढणाराच जागेवर नसला तर गाडी बाहेर उभी.

आता असं एक कायनेज सापडलंय, की ते बिघडलं तर रोगाशी झुंजणाऱ्या रक्तपेशी तयारच होत नाहीत. लेकरू आईकडून मिळालेल्या शिदोरीवर सहा महिने काढतं, मग कान, छाती, गळवं. मला तर बन्सीच डोळ्यांपुढं आला. आपल्या आईचे दोन्ही भाऊ पाळण्यातच गेले, तेही आठवलं.

पण हा आजार आईच्या रक्तातून येतो आणि होतो मुलांना. मुलींना होत नाही म्हटलं तरी चालेल. आपली ठकी मुलगी आहे हे आठवलं आणि जीव भांड्यात पडला. तिचं दुसरं काही असेल, डॉक्टर शोधतील.

भाचीचा एक पापा घे. मोठ्यांना नमस्कार.
कावेरी

•

पूर्णा, २७ मार्च

चि. कावेरी, आशीर्वाद.

अक्षर लागलं नाही तर कसंही करून वाच. ठकी मुलगी नाही. मुलगा आहे.

बन्सी गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, ह्या कुशीत मुलगा टिकत नाही. दुसरा झाला तर पाच वर्षांचा होईस्तोवर मुलगीच म्हणून वाढवायचा, कुणापाशी बोलायचं नाही, म्हणजे नजर चुकेल. नाक टोचलं, बांगड्या भरल्या. आपली आई गेलेली, बाळंतपण इथंच झालं, बाहेर कुणाला कळलं नाही. बारशाला तुलाही फ्रॉकातच दाखवला. हे गप्प राहिले, मीही राहिले. मलाही भीती होतीच ना!

आणि आता ऐक. नांदेडच्या डॉक्टरांनी लेकराच्या बांगड्यांकडं पाहिलं अन् म्हणाले, मुलगा असता तर एक वेगळी तपासणी सांगितली असती. सासूबाईंनी माझा हात दाबला. मी गप्प बसले, कावेरी. बोलले तर लेकरू जाईल असं वाटलं.

तू लिहितेस, आईच्या रक्तातून येतं. म्हणजे माझ्यातून? बन्सीलाही मीच दिलं? दुपारपासून चूल पेटवली नाही. काय करू ते लवकर कळव.
अक्का

•

हैदराबाद, ३१ मार्च

ती. अक्का, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. मी जीव भांड्यात पडला म्हणून लिहिलं होतं! तारही केलीय, हे पत्र मागाहून मिळेल. असाल तसे इकडं काचीगुडा स्टेशनला येणाऱ्या पहिल्या गाडीनं निघा.

कायनेज दुरुस्त करता येत नाही, पण दुसऱ्यांच्या रक्तातली झुंजणारी द्रव्यं सुईनं देता येतात. महिन्याच्या महिन्याला, जन्मभर. त्यावर मुलं मोठी होतात. फक्त केसपेपरवर मुलगा लिहिलं पाहिजे. सासूबाई रागावल्या तरी लिहायचं.

आणि तू कुणाला काही दिलं नाहीस. आईला तिच्या आईकडून आलं, तुला आईकडून. माझ्यातही असेल, ते मी तपासून घेईन. रागवायचं मी राखून ठेवलंय, आधी ये.
कावेरी

•

पूर्णा, २ मे १९९३

चि. कावेरीस आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. दुसरी सुई रेल्वेच्या डॉक्टरांनी दिली. ताप नाही, गळवं सुकली, वरणभात मागून खायलाय.

तू तिथं डॉक्टरांना गाठायला आत गेलीस, तेव्हाचं सांगायचं राहून गेलं. खिडकीवरच्या बाईनं विचारलं, मुलगीच ना? मी सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाई मला बाजूला सारून पुढं झाल्या. म्हणाल्या, "पोरगा आहे. मार्तंड नाव आहे. लिहा." मग तिथंच फरशीवर बसून त्यांनी स्वतःच्या हातानं त्याच्या बांगड्या फोडल्या. बन्सी गेला तेव्हा न रडलेली बाई हुंदके द्यायली होती.

आजाराला वेसण बसली, पण एक गोष्ट गेली ती गेली. परवा उजवीकडून हाक मारली, त्यानं पाहिलं नाही. ताट वाजवलं तरी नाही. कानाचे डॉक्टर म्हणाले, फार दिवस वाहिला, आता तो कान येणार नाही. नांदेडला आम्ही बोललो असतो तर वाचला असता का, असं सासूबाईंनी त्यांना विचारलं. डॉक्टरांनी दुसरा कान जपायला सांगितलं.

तुझ्या तपासणीचं काय झालं ते लिही. लोभ कर, आमच्यावर रागवायचं राखून ठेवलंयस, तेही कर.

सासूबाई आता त्याच्या डाव्या बाजूला बसून घास भरवायल्यात.

तुझी अक्का