तुळशीरामच्या अ‍ॅम्प्लिफायरची खरखर

२ नोव्हें., रवि.
चर्चमधून येऊन चपला काढतो तोच राहुरीहून तुळशीरामचा फोन. ऑगस्टमध्ये मी बनवून दिलेला काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प बिघडलाय. "मास्तर, तुमच्या यंत्रात कुनीतरी भजी तळतंय." म्हटलं, व्होल्टेजचा घोळ असेल, तुमच्याकडे पंप सुरू झाले की दिव्याची वात होते. "पंप बंद असले तरी तळतंय की." मग उंदीर शिरला असेल. "उंदीर कुटला, घरात मांजर हाय."

माझ्या अ‍ॅम्पची तक्रार आजवर आली नव्हती. जेवण गोड लागलं नाही. शालिनी म्हणाली, वांग्याचं भरीत आहे, गोड कशाला लागेल.

५ नोव्हें., बुध.
तुळशीराम एसटीनं आला. अ‍ॅम्प गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन. कंडक्टरनं विचारलं म्हणे, बाळ किती महिन्यांचं.

त्याची दोन्ही पोरं माझ्या विज्ञानाच्या तासाला असायची, तेव्हापासूनची दोस्ती. दिवसभर उसात राबून संध्याकाळी जुनी गाणी लावून बसतो, बाकी कसला शौक नाही. "म्या हात बी लावला न्हाई, मास्तर. फकस्त धूळ पुसतो." तरी मी सुनावलंच. जागा चुकली असेल, भिंतीला ओल असेल, कुणीतरी आपटला असेल. बिचाऱ्यानं ऐकून घेतलं. चहा पिऊन गेला.

६ नोव्हें., गुरु.
उघडला. आधी व्हॉल्व्ह बदलून पाहिले. खरखर तशीच. मग नेहमीची पद्धत: अ‍ॅम्प चालू ठेवायचा, पेन्सिलीच्या मागच्या बोथट टोकानं एकेक जोड हलकेच दाबत जायचं. उजव्या हातानं. डावा खिशात. आत तीनशे व्होल्ट असतात, दोन्ही हात घातले तर करंट छातीतून जातो, म्हणून डावा हात खिशात ही जुनी शिस्त.

तिसऱ्याच जोडाला स्पीकर फटफटला. ड्राय सोल्डर. शेजारचाही. त्याच्या पलीकडचाही. चांगला जोड चकचकतो, हे सगळे राखेच्या रंगाचे. सोल्डर थिजत असताना तार जरा जरी हलली की असं होतं. वरून धरलेलं दिसतं, आतून धरलेलं नसतं. शिकाऊ पोरांची चूक.

सोल्डरची वायर भेसळीची निघाली असणार. उद्या मेन रोडला जाऊन दुसरी आणतो.

८ नोव्हें., शनि.
नवी वायर. सोल्डरिंग आयर्नला नवं टोक. टेबलावर हॉलसाठीचा अर्धवट अ‍ॅम्प पडलाय (शालिनीला कबूल केलेला, तिसरा नाताळ येतोय), त्यावर दोन जोड करून पाहिले. राखेचा रंग.

सात-आठ वर्षांपूर्वी केलेला जुना अ‍ॅम्प उलटा करून बघितला. एकेक जोड आरशासारखा. तेव्हाची वायर तर सगळ्यात स्वस्तातली होती.

तिसरा जोड करताना सोल्डरकडे न बघता डाव्या हाताकडे बघितलं. रेझिस्टन्सची तार त्यात धरलेली. ती हलत होती. पंखा बंद केला. तरी हलत होती.

आयर्न बंद करून ठेवून दिलं.

९ नोव्हें., रवि.
चर्चमधून परत येताना शा. म्हणाली, "चर्चमध्ये पण करंट असतो का?"
म्हटलं, का?
"हात खिशातून काढत नाही तुम्ही. गीताचं पुस्तकसुद्धा एकाच हातात."
थंडी आहे म्हटलं. साडेअकराचं ऊन होतं. कोपऱ्यावर थांबून कोथिंबीर घेतली आणि पिशवी मुद्दाम माझ्या डाव्या बाजूला धरली. मी उजव्या हातानं घेतली.

११ नोव्हें., मंगळ.
मोबाईलवर वाचायला घेतलं, दोन परिच्छेदांत बंद केलं. आजाराचं नाव इथे लिहीत नाही. नसेलही ते. वयानंही होतं म्हणतात. चहानं होतं म्हणतात. आज चहा सोडला. दुपारी परत घेतला.

भीती वाटते. मरणाची नाही एवढी. हे टेबल सुटायची वाटते. शाळा सुटल्यावर लोक विचारायचे, वेळ कसा जातो मास्तर? मला कधी प्रश्नच पडला नाही. व्हॉल्व्ह तापून तांबूस झाला की स्पीकरमधून गाण्याच्या आधी एक हलका श्वास आल्यासारखा आवाज येतो. त्या आवाजासाठी महिनाभर वाकून बसायला माझी कधीच हरकत नसते. आता

जेवायला बोलावतेय.

१३ नोव्हें., गुरु.
तुळशीरामचा फोन. "सापडला का उंदीर?" दोन दिवसांत देतो म्हटलं. खरं सांगायला हवं होतं. त्याच्या भिंतीला, मांजराला, सगळ्यांना नावं ठेवून बसलोय.

कपड्यांचे चिमटे लावून तार धरून पाहिली. मोकळ्या जागेतले चार जोड झाले. व्हॉल्व्हच्या बुडाशी चिमटा शिरत नाही, तिथे हातच लागतो. चिमट्याचं प्लॅस्टिक वितळलं, घरभर वास. शा. दारात येऊन उभी राहिली, बघून गेली. शिवणक्लासच्या पोरींना ब्लाउजचा गळा शिकवत होती.

१५ नोव्हें., शनि.
आज क्लासला सुट्टी दिली तिनं. न विचारता. स्टूल ओढून टेबलाशी बसली, जवळचा चष्मा लावला. "कुठे धरायचं?"

बारीक पक्कड दिली. तार धरली तिनं, आयर्न नि सोल्डर मी. पहिल्याच जोडाला भांडण. मी म्हटलं हलवू नकोस, ती म्हणाली माझा हात हलत नाहीये. खरंच हलत नव्हता. चाळीस वर्षं मशीनवर बसलेला हात. सोल्डर वितळलं, पसरलं, थिजलं. चकचकीत. दोघंही बघत राहिलो.

मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. एक ओळ झाल्यावर तिनं विचारलं, "कधीपासून?"
"जूनपासून असेल."
"मार्चपासून."
मी आयर्न खाली ठेवलं.
"रोज सकाळी मशीनच्या सुईत दोरा तुम्ही ओवायचात. मार्चपासून तुमचा चष्मा सापडत नाही. कपाळावर असतो आणि सापडत नाही."
मग बोलली का नाहीस?
"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

राग आला. कुणाचा ते कळलं नाही. नगरच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ तिनं आधीच घेऊन ठेवलीय. मी नाही म्हटलं नाही. उरलेले जोड बसून पुरे केले. तिला शाबासकी द्यायला हवी होती, दिली नाही. इथे लिहितो. तिचे जोड माझ्या तरुणपणच्या जोडांपेक्षा चांगले आहेत.

१७ नोव्हें., सोम.
आपल्या घरचा रिवाज: अ‍ॅम्प पहिल्यांदा सुरू करताना शा. मेन स्विचपाशी, हात वर. काही पेटलं तर खाली ओढायचा. आजही उभी राहिली. व्हॉल्व्ह तांबूस झाले. श्वास आला. पेन्सिलीनं सगळे जोड दाबून पाहिले. एकही बोलला नाही.

दुपारी तुळशीराम आला, गोधडी घेऊन. त्याला सगळं सांगितलं. खोट तुझ्या भिंतीत नव्हती, माझ्या हातात होती, उगाच तुला बोललो. त्यानं माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "मंजी यंत्र नीट झालं, आन आता मास्तरालाच दुरुस्तीला न्यायचं हाय व्हय?" शा. हसली. मग मीही. हसताना डोळ्यांत पाणी आलं, त्यानं तिकडे बघितलं नाही.

जाताना: "उद्याची गाडी राहुरीत थांबती. मी बी चढतो." उसाला तोड आलीय, कशाला येतोस म्हटलं. "तोडवाले तोडत्यात. मी काय कोयता धरतो?"

१८ नोव्हें., मंगळ.
सकाळी. साडेआठची गाडी.

अंघोळीनंतर बेडरूमचं दार लावून हात पुढे धरून बघितले. डॉक्टर हेच करायला सांगतील. डावा हललाच. मग कळलं, कोपर बरगडीला दाबून, श्वास रोखून, बोटं घट्ट जुळवली की जवळजवळ थांबतो. तीन-चार वेळा सराव केला. चौथ्या वेळी तर चांगलाच जमला. अगदी खूष झालो.

शा.नं दार ढकललं. "काय चाललंय?"
बघ, म्हटलं, एवढा काही वाईट नाही.
"पास व्हायला चाललोय का आपण?"

प्रॅक्टिकलला पोरं आधी पुस्तकातलं उत्तर बघायची आणि मग त्याला जुळेल असं रीडिंग वहीत टाकायची. लगेच ओळखू यायचं. फार ओरडायचो त्यांच्यावर. उपकरण जे दाखवतंय तेच लिही, चुकलं तर चुकू दे, तेही तुला उपयोगी पडेल कशाला तरी. आणि आज मी स्वतः

शा. कुलूप शोधतेय. हा हात जसा आहे तसाच न्यायचा.