लांब बाह्यांचा स्वेटर

सौ. राणीसरकारांस दीपगृहातून गारठलेला नमस्कार,

मी ठणठणीत आहे. काल सकाळी समुद्र अगदी शहाण्यासारखा होता. दुपारी वारा फिरला आणि लाटांचं पाणी थेट दिव्याच्या काचेवर आलं. पुसता पुसता हात बधिर झाले. माझ्या खिडकीत पावासाठी येणारा सीगल हल्ली स्वयंपाक्याकडे जातो. जाऊ दे, पक्षीच तो.

आईचे गुडघे कसे आहेत? वरचे भाडेकरू अजून तुला लोकर गुंडाळू लागतात का? भलताच रिकामा वेळ आहे गृहस्थांना!

तू विणलेला स्वेटर पोचला. खांदे उतरतात, बाह्या बोटांवर येतात. थंडीने मी एवढा काही आकसलो नाही. मापाला कोणाला उभं केलंस, ते कळवू नकोस. वारा फार आहे, म्हणून घालतोय.

तुझा,
आखूड हातांचा नवरा